शेवंतीवरच्या सुलभाताई

सुलभाताई मला पहिल्यांदा भेटल्या त्या फ्रीझरमध्ये. कॅनडात, ओटावाजवळच्या कनाटातल्या आमच्या टेलिकॉम कंपनीत खोलीएवढा एक फ्रीझर होता. रस्त्याकडेला बसवायच्या यंत्रांच्या पेट्या त्यात उणे चाळिसात ठेवून तपासायच्या. नागपूरहून येऊन मला जेमतेम महिना झाला होता. दार ढकललं तर आत घोट्यापर्यंत पार्का, म्हणजे टोपीचा जाडजूड कोट, घातलेली एक ठेंगणी बाई पेटीतली एकेक वायर हलवून बघत होती. "मराठी ना? ये आत. दार लाव आधी, थंडी बाहेर जाते," त्या म्हणाल्या. थंडी आत येते म्हणून ओरडणारी माणसं मी जन्मभर पाहिली होती. ती बाहेर जाऊ नये म्हणून जपणारी ही पहिलीच.

त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली. कुठलाही रिपोर्ट घेऊन गेलं की चष्म्यावरून बघत त्या एकच विचारायच्या, "वाचलं मी. तू हात लावून पाहिलंस का?" एकदा एक पेटी अकरा तासांत फक्त एकदा आपोआप बंद होऊन चालू झाली. सगळ्यांना घरी जायची घाई, मलाही. मी 'किरकोळ' असा शेरा मारून ती पास केली. दुसऱ्या दिवशी ताईंनी मला पुन्हा फ्रीझरमध्ये नेलं आणि दार लावून शांतपणे म्हणाल्या, "नीलू, जवळजवळ पास म्हणजे फेलच असतं. फक्त लाजत लाजत." पेटी परत पाठवली गेली. मॅनेजर आठवडाभर आमच्याशी बोलला नाही. मला मात्र त्या दिवसापासून स्वतःच्या सहीची भीती वाटायला लागली, आणि ते फार बरं झालं.

नवरा गेल्यानंतर पन्नाशी उलटलेल्या या बाईनं ओटावा नदीवर शिडाची बोट चालवायला शिकायचं काढलं. बरोबरीला सगळी शाळकरी पोरं. रिटायर झाल्यावर त्यांनी घर विकलं, ग्रीसमध्ये एक जुनी, आटोपशीर बोट घेतली, तिचं नाव 'शेवंती' ठेवलं आणि तिच्यावरच राहायला गेल्या. निघण्याआधी मराठी मंडळाच्या गणपतीत बायकांनी त्यांना घेरलं. "अहो, पण बोटीवर वॉशरूम कुठे असतो?" एकीनं विचारलं. "आत," ताई म्हणाल्या. "तुमच्याकडे कुठे असतो?" मग मोदकाचं ताट त्यांनीच पुढे फिरवलं.

सहा वर्षं त्या तशा राहिल्या. मग एका हिवाळ्यात डेकवर घसरून त्यांचा खांदा दुखावला आणि ते त्यांच्या मुलीला, केतकीला, तीन आठवड्यांनी कळलं. केतकी कॅनडातच, पण दूर रेजिना शहरात सरकारी नोकरीत. तिचा मला फोन आला. "मावशी, प्लीज, टॉक टू हर. शी इज सिक्स्टी-एट! एकटी पडली पाण्यात तर? माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. ब्रिंग हर होम." तिच्या आवाजात राग कमी आणि धसका जास्त होता. मी जूनच्या अखेरीला दहा दिवसांची सुट्टी टाकली आणि ताईंना परत आणायचंच असं ठरवून विमानात बसले.

बेट लहानसं होतं. एक धक्का, एक बेकरी, दोन खानावळी आणि उन्हात डोळे दिपतील इतकी पांढरी घरं. ताई तिथे पाहुण्यासारख्या राहत नव्हत्या. बाहेरची कुठलीही बोट बंदरात शिरली की हातातलं काम टाकून त्या धक्क्यावर जाऊन उभ्या राहायच्या, कारण येणाऱ्याचा दोर धरायचा ही तिथली रीत. दोर कडीला बांधायच्या, हातानं ओढून बघायच्या आणि मगच मान हलवायच्या. "नांगर टाकणाऱ्याला वाटतं, नांगरानं तळ धरलाय. नांगराला काय वाटतं ते विचारायला हवं," असं त्या एका जर्मन जोडप्याला सांगत होत्या. ते जोडपं निमूट ऐकत होतं.

धक्क्यासमोरच्या घरात कतिना नावाची म्हातारी राहायची. तिनं पहिल्या वर्षी ताईंना ताटलीभर उकडलेली पालेभाजी आणून दिली होती, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. ताईंनी चाखली आणि ओळखलीच, आपला माठ! पण रिकामी ताटली परत कशी करायची? त्यांनी त्याच भाजीला लसणाची फोडणी देऊन ताटली भरून पाठवली. कतिनाला वाटलं, या बाईनं आपल्याला नवीन पदार्थ दिला, आता आपल्याला काही द्यायला हवं. तिनं ऑलिव्ह पाठवले. ताईंनी शेंगदाण्याची चटणी. असं तीन महिने चाललं. शेवटी कतिनाच हात जोडून म्हणाली, "बाई, ती ताटली तू ठेवून घे, माझ्याकडे दुसऱ्या आहेत." हे सांगताना ताई इतक्या हसल्या, की कतिनाही खिडकीतून न समजता हसायला लागली.

चौथ्या दिवसापर्यंत मी पुरती फितूर झाले होते. सकाळी पाव आणायला जायचं, जाळ्यातून मासे सोडवणाऱ्या कोळ्यांशी मोडक्या ग्रीकमध्ये हुज्जत घालायची, दुपारी शीड सोडून शेजारच्या खाडीत जायचं. मी ताईंना इतकं सुखी कनाटात कधी पाहिलं नव्हतं. यांना मी कुठल्या तोंडानं घरी चला म्हणू? पण केतकीला दिलेला शब्द होता, म्हणून अखेर विषय काढलाच.

"माहितेय मला, तू कशाला आलीस ते," ताई म्हणाल्या आणि एक वही पुढे केली. दर महिन्याच्या एक तारखेला त्या स्वतःची परीक्षा घेत होत्या. मोटर न लावता हातानं नांगर वर काढायचा. एकटीनं शीड उतरवायचं. आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उडी मारून शिडीनं स्वतःहून वर यायचं. "कपड्यांनिशी का?" मी विचारलं. "माणूस काय पोहायचे कपडे घालून पडतो?" प्रत्येक ओळीपुढे पास लिहिलेलं होतं, खाली सही. खांदा दुखावला त्या महिन्यांपुढे मात्र 'बोट बंदरात, परीक्षा नाही' असं होतं. "परवा एक तारीख आहे. तू साक्षीदार. ज्या दिवशी फेल होईन त्या दिवशी परत येईन. केतकीला सांग, आईनं शब्द दिलाय."

एक तारखेला सकाळी खाडीत आम्ही नांगर टाकला. त्यांनी तो हातानं वर काढला, घामाघूम होऊन, पण काढला. शीड चढवून एकटीनं उतरवलं. नांगर पुन्हा टाकला. मग सलवार-कुर्त्यातच त्यांनी पाण्यात उडी घेतली, बोटीला एक चक्कर मारली आणि मागच्या शिडीशी आल्या. ओले कपडे अंगाला ओढत होते. एक पायरी, दुसरी, तिसरी. शेवटच्या पायरीवर उजवा हात वर गेला आणि थरथरायला लागला. त्या तशाच थांबल्या. ओठ घट्ट मिटलेले, नजर माझ्याकडे नाही, वरच्या दांड्याकडे. मला ते बघवेना. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला.

वर आल्यावर बराच वेळ त्या टॉवेल गुंडाळून बसून राहिल्या. मी घाईघाईनं म्हटलं, "ताई, चूक माझी आहे. मी हात द्यायलाच नको होता. तुम्ही आलाच असतात. हे पास आहे."

"तू दिलास हे खरं. पण मी धरला, नीलू." मग त्यांनी वही मागितली.

"ताई, इथे कोण बघतंय? मी कुणालाही सांगणार नाही. पुढच्या महिन्यात परत करा ना!" मी अक्षरशः गयावया करत होते. ज्यांना परत न्यायला आले, त्यांनी राहावं म्हणून रडत होते.

त्यांनी माझ्या गालावर ओला हात ठेवला. "या बोटीनं सहा वर्षं मला कधी फसवलं नाही. मी तिला फसवू का गं?" आणि वहीत त्यांच्या त्या सरळ, टोकदार अक्षरात त्यांनी दोन अक्षरं लिहिली. खाली सही केली. मग माझ्याकडे पेन दिलं. मी साक्षीदाराची सही केली. परत बंदराकडे येताना सुकाणू त्यांच्याच हाती होतं आणि त्या कोळ्यांना नेहमीसारखा हात करत होत्या.

दुपारी मी धक्क्यावरून केतकीला फोन लावला. आई येतेय, म्हटलं. पलीकडून एकदम प्रश्नांची सरबत्ती. "रिअली? तू कसं कन्व्हिन्स केलंस तिला?" मी सगळं सांगितलं. वही, उडी, शिडी.

"कितीसं राहिलं होतं, मावशी?"

"एक पायरी."

कितीतरी महिने आईला परत आणण्यासाठी जिवाचं रान करणारी ती पोर हुंदके देत म्हणाली, "मग तू पास म्हणायचं होतंस ना! यू शुड हॅव जस्ट सेड पास!"

"म्हटलं होतं गं," मी अभिमानानं म्हणाले. "तुझ्या आईनं नाही ऐकलं."