गुलमर्गचा बर्फ आणि माझी हापूसची पेटी

काश्मीरला जायचं ठरलं ते सुमतीच्या गुडघ्यामुळे. राजापूरचे डॉक्टर म्हणाले, "चढउतार करायची असेल तर यंदाच करून घ्या." माझी बायको नाटे गावची, समुद्राकाठी वाढलेली. बर्फ तिने पाहिला तो मासळीवर घातलेला, भुशात गुंडाळलेला. तिला एकदा बर्फात अनवाणी उभं राहायचं होतं. मी एका मासिकात परदेशातल्या बर्फाच्या डोंगरावर माणसं खुर्चीच्या पाळण्यातून वर जातात असं चित्र पाहिलं होतं. तसलाच पाळणा गुलमर्गला असणार असं मी परस्पर ठरवून टाकलं आणि तिला सांगितलंही, "गुडघ्याला काही त्रास नाही, बसल्या बसल्या वर."

१९६२ सालच्या एप्रिलच्या सुरुवातीला निघालो. कोल्हापूरपर्यंत एसटी, पुढे पठाणकोटपर्यंत आगगाड्या बदलत, तिथून श्रीनगरची बस. वाटेत एक मुक्काम पडतो, घोंगडी जवळच ठेवावी. माझ्या मांडीवर आमच्या झाडाच्या पहिल्या हापूसची पेटी होती, श्रीनगरला नोकरीला असलेल्या बापटांसाठी. पोचेपर्यंत पिकतील असा माझा हिशोब.

श्रीनगरच्या थंडीत आंबे होते तसेच राहिले, टणक. बापट म्हणाले, "अहो, उद्याच गुलमर्गला जा. ऊन वाढतंय, बर्फ रोज मागे सरकतोय. आंबे मी पिकवतो."

"तुम्ही देशावरची माणसं, तुम्हाला अढी कुठली लावता येणार?" मी म्हटलं. कच्चा हापूस कुणाच्या हातात ठेवून निघून जाणं मला जमण्यासारखं नव्हतं. रोज सकाळी शेगडीजवळ गवत पसरायचं, आंबे उलटेपालटे करायचे, वास घ्यायचा. सुमती खिडकीतून डोंगर बघत बसायची.

"आज जायचं का हो?" ती विचारायची.

"उद्या. देठाशी रंग धरतोय."

शेवटी बापटांनीच आम्हाला बसमध्ये बसवलं. गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्गला उतरलो तेव्हा मी घोडेवाल्याला पाळण्याचं विचारलं, हातवारे करून. त्याने तसलं काही बापजन्मी पाहिलं नव्हतं. इथे घोडा किंवा पाय, एवढंच. मी सुमतीकडे पाहिलंच नाही. ती घोड्यावर बसली, ओठ आवळून, आणि वर पोचेपर्यंत गुडघा सुजला.

गुलमर्गचं पठार हिरवं होतं. ओलं गवत, चिखल, कडेला मळकट बर्फाची एकही ढेप नाही. बर्फ होता तो समोरच्या उतारावर, खूप वर. घोडेवाल्याने पायाजवळची जमीन दाखवली. परवा-तेरवापर्यंत बर्फ इथवर होता, म्हणाला. "वरची वाट निसरडी, बाईंचा पाय असा, मी नेणार नाही."

मला लाज वाटली. पाळण्याची वाटली, आंब्यांची तर फारच वाटली. सुमतीने बूट-मोजे काढले आणि ओल्या गवतात उभी राहिली.

"गार आहे," ती म्हणाली. मला मान वर करता येईना.

बापटांकडे परतलो तर आंबे सुरकुतले होते. चव आंबट. बापटांनी भिडेपोटी दोन फोडी खाल्ल्या.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. बर्फ पायाशी हवा असेल तर आधी वर जावं, मित्रमंडळी मग. पाळण्याच्या भरवशावर कुणाला नेऊ नये. नमकीन चहा मात्र जरूर प्यावा.

घरी आल्यावर शेजारची काशी अंगणात आली. "काय वो वैनी, बरफ कसो लागतो हाताक?"

मी काही रंगवून सांगणार तोच सुमती म्हणाली, "हात कुठला लागायला? लांबून बघितला. ह्यांचे आंबे पिकायचे होते." तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. गाडी चुकली म्हणावं तसं ती म्हणाली.

"मग पुढच्या वर्साक परत जावा," काशी म्हणाली.

सुमतीने गुडघ्यावर हात ठेवला आणि उत्तरासाठी माझ्याकडे पाहिलं. मी काशीसाठी पाणी आणायला आत गेलो.