इनामदार मॅडम आणि जमिनीखालचं पाणी

कुठल्याही कंपनीत जायचं झालं की इनामदार मॅडम पुढच्या गेटकडे ढुंकूनही बघत नसत. चाकणला एकेका कंपनीचं गेट असं, की आत कुणाचं लग्न आहे की काय वाटावं. कारंजं, कापलेली हिरवळ, सलाम ठोकणारा गार्ड. मॅडम मात्र गाडीतून उतरल्या की साडीचा पदर खोचून सरळ मागच्या भिंतीकडे, काट्याकुट्यातून. जिथून सांडपाणी बाहेर पडतं तिथे उभ्या राहून आधी वास घ्यायच्या. "जाधव, आधी मागचं बघायचं. पुढे काय, चहा-बिस्किटं असतातच." गार्ड बिचारा शिट्ट्या फुंकत आमच्यामागे धावत यायचा.

मी परभणीकडचा. पिंपरीतल्या एका सल्लागार ऑफिसात नवीन इंजिनिअर म्हणून लागलो आणि या भूगर्भशास्त्रज्ञ बाईंच्या हाताखाली पडलो. पडलो हाच शब्द बरोबर. पहिल्या महिन्यात माझी पायताणं झिजली. मॅडम साठीला टेकलेल्या, गुडघे कुरकुरणारे, पण एखादी नवी खोदलेली विहीर दिसली की बाई त्या कडेवरून इतकं वाकून बघायच्या की माझा जीव खालीवर व्हायचा. "अहो, हा काळा पाषाण दिसतोय ना, तो नुसता दिसायला आडमुठा. त्याच्या खालच्या थराला भोकंच भोकं आहेत. तिथे पाणी राहतं." हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, जसा देवळात येतो. मी गावाकडे पाण्यासाठी रांगेत उभा राहून वाढलो, पण पाण्याबद्दल असं बोलणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

त्यांनी आखलेली योजना अशी होती. कारखान्यांचं वापरलेलं पाणी नदीत सोडायचं नाही. ते शुद्ध करून पुन्हा कारखान्यांनाच द्यायचं. पावसाळ्यात त्यांना ते कमी लागतं, तेव्हा उरलेलं बोअरमधून त्या भोकांच्या थरात साठवायचं आणि उन्हाळ्यात उपसायचं. म्हणजे वाढत्या चाकणची टँकरची धावपळ कमी होईल. नोकरीची कितीतरी वर्षं मॅडम या एकाच गोष्टीच्या मागे होत्या. निवृत्ती जवळ आली होती. मंजुरीही जवळ आली होती. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, ही योजना म्हणजे बाईंचं आयुष्य आहे.

जागा निवडली चाकणजवळच्या कुरुळी गावाच्या अलीकडे, एका वस्तीजवळ. चारी बाजूंनी कारखान्यांच्या शेड आणि मधे एका भावकीची सामाईक विहीर. प्यायला तेच पाणी, शेतीलाही तेच. ज्याची पाळी त्यानं मोटर लावायची, असा वाडवडिलांपासूनचा रिवाज. आम्हाला एवढंच बघायचं होतं, की आत सोडलेलं पाणी थरातच राहतं की विहिरीत जातं. त्यासाठी बोअरमध्ये स्वच्छ पाणी आणि पोटाला न बाधणारा हिरवा रंग सोडला. विहिरीचं पाणी रोज तपासलं. रंगाचा टिपूस नाही! ऑफिसात पेढे आले. मोठ्या साहेबांनी मॅडमना पुष्पगुच्छसुद्धा दिला.

निरोप घ्यायला आम्ही वस्तीवर गेलो. भावकीतल्या सगळ्यात वडील हौसाबाई. त्यांनी चहा केला आणि कौतुकानं म्हणाल्या, "तुमचं काम व्हईस्तवर आमी येक बी मोटर लावली न्हाई, बाई. ज्याची पाळी हुती त्यानं बी सोडली. पाव्हणं कामात असताना मधी धडधड कशापायी? पिकं सुकली वाईच, पर सुकूंद्या."

मॅडमचा कप हवेतच थांबला. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. मोटरा बंद, म्हणून विहिरीनं पाणी ओढलंच नव्हतं. त्यांनी माया केली आणि आमची परीक्षा फुकट गेली.

मॅडम त्याच पावली साहेबांकडे गेल्या. साहेब वैतागले. "निकाल चांगला आलाय ना? मग कशाला विषाची परीक्षा घेताय?"

"विषाचीच आहे साहेब," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "कारखान्याचं पाणी आहे. एखाद दिवशी शुद्धीकरणात कसूर झाली, तर ते कुणाच्या हंड्यात जाईल ते मला बघायचंय."

परीक्षा पुन्हा झाली. हौसाबाईंना पटेना. "बाई बसल्यात आन् आमी मोटर लावायची? बरं दिसतं व्हय ते?" मॅडमनी त्यांचे दोन्ही हात धरले. "आजी, मला पाहुणी समजू नका. भर उन्हाळ्यात उपसता तसं उपसा."

मोटरा धडधडू लागल्या. आम्ही धरून चाललो होतो त्याच्या कितीतरी आधी, एका सकाळी पाइपातून पडणारी धार पोपटी झाली. मॅडम धारेखाली हात धरून उभ्या होत्या. "बघा जाधव, दगडातून किती भराभर आलं! काय वाट काढलीय त्यानं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर चक्क आनंद. स्वतःची योजना डोळ्यांसमोर बुडताना त्या दगडाचं कौतुक करत होत्या.

अहवालात 'हे पाणी इथे साठवू नये' हे वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं, खाली सही केली. मंजुरी बारगळली. निरोपसमारंभाच्या दिवशी मी धीर करून विचारलं, "मॅडम, वाईट नाही वाटत?"

"वाटतं तर! घरी जाऊन ढसाढसा रडले. पण विहिरीला काय करायचंय माझ्या रडण्याशी?"

पुढे त्यांच्याच कागदांवरून लहान योजना झाली. कारखान्यांचं पाणी नळातून कारखान्यांकडेच परत जातं. जमिनीत मुरतं ते फक्त छपरांवरचं पावसाचं. उद्घाटनाच्या फलकावर बरीच नावं आहेत. मॅडमचं नाही.

काही वर्षांनी मॅडम वारल्याचं कळलं तेव्हा मी हौसाबाईंना सांगायला गेलो. अंगणात त्यांची नातसून तान्ह्या लेकीला न्हाऊ घालत होती. ऐकून हौसाबाई नातसुनेला म्हणाल्या, "पोरी, हिला बोलता याया लागलं, का त्या बाईंचं नाव शिकीव."

"कोण बाई?" तिनं विचारलं. आणि पोरीच्या डोक्यावर तिनं विहिरीचं तांब्याभर पाणी ओतलं.