चढावरची टिकटिक

गल्लीत त्याला कानसेन म्हणत. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणाऱ्या या मिस्त्रीकडे गाडी आली की गिऱ्हाईक बॉनेटकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघायचं. तो मान तिरकी करून उभा राहायचा आणि बहुतेक वेळा दुखणं तिथल्या तिथे सापडायचं.

जुन्या छोट्या गाड्यांचं टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी ते, हाताने लावावं लागतं. त्यासाठी कानसेनची एक रीत होती. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढाला लागून लांबलचक दगडी भिंत आहे. तिथे काच खाली करून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये वर रेटायची. भिंतीवर आपटून इंजिनाचा आवाज परत येतो. खाली यायचं, टायमिंग जरासं पुढे सरकवायचं, पुन्हा वर. ठिणगी फार लवकर पडायला लागली की इंजिन टिकटिकतं, पत्र्याच्या डबीत टाचण्या हलवाव्यात तसं. ती टिकटिक पहिल्यांदा कानावर आली की केसभर मागे यायचं आणि नट आवळायचा. इंजिन कुरकुरायला लागतं त्याच्या केसभर अलीकडे सगळ्यात खूश असतं, असं तो म्हणे. माझ्या बाबतीत ते केसभर तुम्हाला कधी सापडलं नाही, असं त्यावर बायको म्हणे.

निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई त्यांची अठरा वर्षांची छोटी गाडी घेऊन तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली. तक्रार तीच, त्याच्याकडून टायमिंग लावून नेल्यापासूनची. चढावर टिकटिकते. पहिल्या वेळी त्याने पेट्रोलवर खापर फोडून टाकी रिकामी करवली होती. दुसऱ्या वेळी इंजिन उघडून आतली काजळी खरवडली होती. दोन्ही वेळा टायमिंग आपल्या रीतीने लावून दिलं होतं. आता तो म्हणाला, तुम्हीच शेजारी बसा.

तीन फेऱ्या झाल्या. टिकटिक काही येईना, म्हणून प्रत्येक फेरीला तो टायमिंग आणखी थोडं पुढे घेत गेला. चौथ्या फेरीत बाईंनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"मिस्त्री, अजून किती छळायचंय हिला?"

"छळतोय कुठे? आवाज यायची वाट बघतोय."

"येतोय की. पहिल्या फेरीपासून येतोय. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम वाजवताय."

त्याने भिंतीच्या कडेला गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. भिंत होती तशी होती. फटीतून उगवलेलं गवत हलत होतं, आणि त्या हलण्यालाही आवाज नव्हता.

मागच्या महिन्यात बायकोला ताप होता. डिजिटल थर्मामीटर तिच्या तोंडात देऊन तो पलंगाशी बसून राहिला, ते यंत्र पीप करायची वाट बघत. ती डोळे मोठे करून खुणा करत होती, आणि त्याला वाटत होतं, तापात भ्रम झालाय. शेवटी तिनेच तो उपसून काढला आणि विचारलं, माझ्या तोंडाला कुलूप घालायची एवढी हौस होती का? दोघं हसले होते. हसण्यावारी गेलं.

आता गेलं नाही. माणसांचं बोलणं ऐकू येत होतं; बारीक, टोकदार आवाज तेवढे कानातून गेले होते. जी टिकटिक आली की थांबायचं, ती आलीच नाही म्हणून तो पुढे पुढे जात राहिला होता. या गाडीचं दुखणं त्याच्याच हातचं होतं. आणि हीच एक गाडी नव्हती. तीन-चार महिन्यांत याच चढावर किती गाड्या आणल्या, ते तो आठवू लागला. ती आठवण एका टॅक्सीवाल्यापाशी येऊन थांबली. टॅक्सीवाल्याचा पिस्टन गेल्या आठवड्यात जळला होता. कानसेनने बेधडक सांगितलं होतं, पेट्रोलात भेसळ आहे. टॅक्सीवाला पंपावर जाऊन त्या पंपवाल्याशी हमरीतुमरीवर आला होता.

त्याने खाली उतरून बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "आता मी मागे मागे घेत जातो. बंद झालं की हात वर करा."

दोन फेऱ्यांनी बाईंनी हात वर केला. वर्गात शांतता झाल्यावर करत असतील तसाच, थोडासा. त्याने नट आवळला. बोटं नेहमीसारखीच शहाणी होती, त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

"बाकीच्या गाड्या?" बाईंनी विचारलं.

त्याने बॉनेट खाली केलं. बोलावं, तर तीस वर्षांचं नाव एका दिवसात जाणार. कान गेलेल्या कानसेनकडे गाडी कोण आणील? न बोलावं, तर आणखी कुणाचं तरी इंजिन कुठल्या तरी चढावर जळत राहणार, आणि तो आवाज ऐकू न येणारा जगात तो एकटाच असणार.

संध्याकाळी तो टॅक्सीवाल्याच्या दाराशी गेला. जिना चढताना सुरुवात कशी करायची ते तीनदा ठरवलं, तीनदा मोडलं. बेलवर बोट ठेवलं. आत काही वाजल्याचं कळेना. बेल बिघडलेली असावी, असं त्याच्या मनात आलं, आणि क्षणभर बरं वाटलं. परत फिरायला कारण मिळालं असतं. तरी बोट तिथेच राहिलं.

दार धाडकन उघडलं. टॅक्सीवाला ओल्या हातांनी उभा होता.

"अहो, किती वेळ दाबून धरलीय? सगळी इमारत गोळा होईल. बहिरे झालात की काय?"

कानसेनने बोट काढलं.

"हो," तो म्हणाला. "तेच सांगायला आलोय. तुझा पिस्टन पेट्रोलने गेला नाही."