सात नंबरची बाटली

तुळसा मोरे नाते गावाहून सकाळच्या एसटीनं महाडला यायची आणि कॉलेजच्या रसायनशाळेचं कुलूप उघडायची. बावीस वर्षं! शिक्षण म्हणाल तर दहावी नापास. पण तिथं शिकवणाऱ्या आमोद सरांच्या हाताखाली ती काय काय शिकली, विचारू नका. लोखंडाच्या क्षारांत थेंबथेंब अमोनिया सोडला की पाणी काळंभोर होतं. त्यात तयार होतात चुंबकाकडे ओढले जाणारे कण, नजरेला दिसणारच नाहीत इतके बारीक. त्यांच्यावर सिलिकाचा लेप चढवला की प्रथिनं येऊन चिकटतात. मग बाटलीला बाहेरून चुंबक लावायचा, काळं सगळं काचेला गोळा होतं, वरचं पाणी काढून घ्यायचं. हे धुणं तुळसासारखं कुणाला जमत नाही, असं सर चारचौघांत सांगायचे. जीव होता तिचा सरांवर. बोलली कधी नाही, आणि बोलणार तरी काय?

एकदा मुंबईहून मागवलेलं प्रथिन महिनाभर आलंच नाही. सरांनी सरळ स्वतःचं रक्त काढवलं आणि त्यातलं प्रथिनांचं पिवळट पाणी सात नंबरच्या बाटलीत ओतलं. "तुळसा, आता मीच चिकटलो बघ!" म्हणून हसले. ही गोष्ट दोघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हती. चौथ्या दिवशी सर झटका येऊन गेले. असलं बोलू नये माणसानं, कशाला बोलायचं?

तेव्हापासून फ्रीजची मोटर सुरू झाली, बाटल्या किणकिणल्या, की भर दुपारी तुळसाच्या अंगावर काटा यायचा. सर आत आहेत, असंच वाटायचं तिला. सरांची विद्यार्थिनी अस्मिता त्यांचा अर्धवट शोधनिबंध पुरा करायला आली आणि सात नंबर शोधू लागली, तेव्हा तुळसा तिच्या तोंडावर खोटं बोलली.

"फेकली गो ती. नासली होती."

"मग सरांचं शेवटचं काम गाळावं लागेल, मावशी. चिकटलेलं प्रथिन पुन्हा सुटतं, हे दाखवणारी तेवढी एकच बाटली होती." पोरीला रडूच आलं.

आठ दिवस तुळसाला अन्न गोड लागेना. नवव्या दिवशी तिनं बाटली टेबलावर आणून ठेवली. "मी लपवली होती. नाय फेकली. पण धुणार मीच."

तिनं खारं पाणी घातलं, तासभर हलवलं, चुंबक लावला. वरचं निवळ पाणी अस्मितानं तपकिरी द्रावण भरलेल्या नळीत सोडलं. प्रथिन सुटलं असेल तर रंग निळा होतो. नको होऊ रे देवा, नको होऊ, तुळसा मनात म्हणत होती. झाला. शाईसारखा निळाशार.

"मावशी, सुटलं! सर बरोबर होते!" अस्मितानं रंग मोजायच्या यंत्रावरचा आकडा टिपला, तिला मिठी मारली आणि रोजच्या सवयीनं नळीतलं आणि उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतून नळ सोडला.

"थांब गो!" तुळसा किंचाळली. अस्मिता दचकून वळली, तोवर बेसिन पांढरं स्वच्छ झालं होतं.