कोंड्यावर विकलेली जाई

"दुखण्याला तोंड आठवत नाही बाई, नाव आठवतं."

शोभामावशी हे उठता-बसता म्हणायच्या. कुणाला पडसं झालं तरी तेच, कुणाचं मूल झोपेत दचकलं तरी तेच. जुन्नरच्या वरच्या डोंगरातून मुलाच्या मागोमाग त्या सातासमुद्रापार नेपरव्हिलला आल्या, पण त्यांचं बोलणं अजून डोंगरातच राहत होतं. मुलगा राकेश चिडवायचा, "आई, इथं डॉक्टर नावाबरोबर जन्मतारीख पण विचारतो." मावशी हसायच्या. जन्मतारीख गावच्या मास्तरांनी लावलेली, एक जूनची. आणि नाव? तेही त्यांचं पहिलं नव्हतंच.

ती हकीकत त्यांनी भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वीणाला एकदा मेथी निवडताना सांगितली होती. त्यांच्या आधीची भावंडं तान्हेपणीच गेली. आधी मान डावीकडं कलायची, मग डोळे भिरभिरायचे, आणि मग मूल मान टाकायचं. मावशींचीही मान कलली, तेव्हा आईनं काळजावर दगड ठेवून त्यांना शेजारणीला सूपभर कोंड्यावर विकून टाकलं. विकलेलं मूल आपलं राहत नाही. यम दारात आला तरी त्याला दुसऱ्याचंच लेकरू दिसतं. मावशींची मान सरळ झाली. शेजारणीनं नाव ठेवलं कोंडाबाई. शाळेत त्याचं शोभा झालं.

"आणि पहिलं नाव?" वीणानं विचारलं होतं.

"ते आईनं गिळलं. मरेस्तोवर सांगितलं न्हाई, मी पण विचारलं न्हाई." मावशींनी देठ मोडला. "आता कुणी घेतलं तरी मला कसं कळायचं, ते माझं हाय म्हणून?"

वीणा हसली होती.

वीणाच्या घरी एक पांढरी सशीण होती, जाई. लेकीचा, नऊ वर्षांच्या इशिताचा, सगळा जीव तिच्यात. दोन हजार दोन सालच्या पानगळीत जाईची मान डावीकडं कलली. ती जागच्या जागी गोल फिरायची, आणि डोळे पाळण्यात ठेवल्यासारखे हलायचे. सशांना होतो हा आजार, डॉक्टर म्हणाले, बरा होतो आणि पुन्हा उलटतो. वीणानं जाईचा विमा काढून ठेवला होता, त्यामुळे पहिल्या खेपेचं बिल कंपनीनं भरलं. मग पॉलिसी रिन्यू झाली, बर्फ पडला, आणि आजार उलटला. या वेळी कंपनीनं हात वर केले. जुनं दुखणं आता कव्हरमध्ये बसत नाही. सबंध वर्ष ते उलटलं नाही आणि डॉक्टरनं तसं लिहून दिलं, तरच पुन्हा विचार करू.

"नोकरीबरोबर आपला स्वतःचा विमा गेला, आणि तू सशाचा घेऊन बसलीस यार," वीणाचा नवरा गिरीश म्हणाला. त्याला दिवाळीतच कंपनीनं घरी बसवलं होतं. पण जिन्यात बसलेली इशिता त्याला दिसली आणि त्यानं हातातला कंपनीचा कागद घडी घालून खिशात कोंबला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. दवाखान्यात ठेवून उपचार करा, नाहीतर तिला कायमचं झोपवावं लागेल.

"दे विल किल हर, राइट?" इशितानं विचारलं.

उत्तर दिलं ते तेवढ्यात शेजारून आलेल्या मावशींनी. "मला विक ती. नवं घर, नवं नाव. विमाबी नवा काढ की."

दुसऱ्या दिवशी दुपारी सौदा झाला. सूप नव्हतं म्हणून केक भाजायचा पत्रा घेतला. चपातीच्या पिठातून चाळलेला कोंडा मावशींनी वीणाच्या स्वेटरच्या ओच्यात ओतला आणि वीणानं मागच्या दारातून जाईला बाहेर दिलं. बाहेर गुडघाभर बर्फ होता.

"कुणाची ही?"

"तुमची."

"नाव काय हिचं?"

"मला माहीत नाही," वीणा म्हणाली. इशितानं चमकून आईकडं पाहिलं.

मावशींनी नाव ठेवलं धोंडी. "आता मागचं नाव कुणी घ्यायचं न्हाई. कळलं का गं इशू?"

"ओके, आजी."

मग वीणानं दुसऱ्या एका कंपनीला फोन लावला. ससा धोंडी, मालकीण शोभा. पलीकडच्या बाईनं विचारलं, याला पूर्वी कधी हा आजार झाला होता का? "नो," वीणा म्हणाली. जीभ जराही अडखळली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

पण नवा विमा चालू व्हायच्या आधीच धोंडी बरी झाली. मान अशी ताठ, जणू कधी कललीच नव्हती. मात्र ती निराळीच झाली होती. इशितानं मावशींच्या खिडकीच्या काचेवर बोटं वाजवली, की परक्या पाहुण्याकडं बघावं तशी ती बघायची. आणि सकाळी दोन्ही दारांच्या मधल्या बर्फावर माग दिसायला लागला. पाऊल कुठंच नाही, नुसता गोल ओरखडा, डावीकडं वळत गेलेला. आधी वीणाच्या दारापाशी, मग मावशींच्या, मग पुन्हा वीणाच्या. पत्ता हुडकणाऱ्या माणसासारखा.

"कायोटी असेल, इकडचा कोल्हा," गिरीश म्हणाला. त्यानं दार मात्र दोनदा ओढून पाहिलं.

एका सकाळी इशिता शाळेच्या बसची वाट बघत उभी होती. पलीकडं मावशी पाठमोऱ्या, पायरीवरचा बर्फ वितळायला मीठ टाकत होत्या. खिडकीत धोंडी बसली होती, ओळख न दाखवणारी. पोरीला राहवलं नाही.

"जाई!"

सशीण हलली नाही. मावशी वळल्या.

"ओ," त्या म्हणाल्या. आवाज चार वर्षांच्या मुलीचा होता. हातातलं मीठ सांडलं. दारात उभ्या वीणाकडं त्यांनी पाहिलं, कुणीतरी कुलूप काढल्यासारख्या डोळ्यांनी. "मला कुणी हाक मारली गं?"

बर्फावरचा माग त्या दिवसापासून बंद झाला. दुपारपर्यंत मावशींची मान डावीकडं कलली.

राकेशनं दवाखाने केले. मेंदूच्या फोटोंमध्ये काही दिसेना. त्यानं आईसाठी काढलेल्या विम्याच्या माणसानं फोनवर विचारलं, हे पूर्वी कधी झालं होतं का? राकेश कामावर होता, म्हणून फोन वीणाच्या हातात.

"व्हय म्हणून सांग," मावशी म्हणाल्या. "तान्ही होते तवा. जुनंच हाय ते. लई लांबनं हुडकत आलंय." वीणाला ते इंग्रजीत सांगावं लागलं, आणि कंपनीनं हात वर केले.

त्या संध्याकाळी वीणा त्यांच्या पायाशी बसली. "मावशी, धोंडी मला परत द्या. तिला पुन्हा तेच नाव ठेवते. दुखणं तिच्याकडं जाईल, तुम्ही सुटाल."

"आन् तुझी पोर? धोंडीत जीव हाय तिचा, ती कशी सुटल?" मावशींनी कललेल्या मानेनं तिच्याकडं वरून पाहिलं. "सौदा मोडायचा नसतो, वीणा. मी गावी जाते. ज्या उंबऱ्यातनं मला भाईर दिलं, तिथं माझं मीच जाते. धोंडी इशूपाशी राहू दे. सांभाळायला हं, मालकीण मीच."

निघायच्या दिवशी नगरपालिकेच्या गाडीनं गल्लीच्या तोंडाशी बर्फाचा ढीग लावून ठेवला होता, त्यामुळे राकेशची मोटार लांब उभी होती. तो सामान घेऊन पुढं गेला. मावशींनी वीणाचा हात धरला नाही. "मी एकटी न्हाई, माझ्या आधीची हायेत संगं," एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या. मान डावीकडं, खाली. ओठ हलत होते, कमरेएवढ्या कुणाशी चालता चालता बोलावं तसे. मधेच एकदा त्यांनी निसरड्यावर हात खाली धरला, कुणीतरी धरावा म्हणून, आणि मूठ मिटली.

मोटारीचं दार राकेशनं उघडलं. मावशी लगेच आत बसल्या नाहीत. त्या बाजूला सरकल्या, थांबल्या, आधी एकानं बसावं, मग दुसऱ्यानं, मग आणखी कुणी बसावं म्हणून. मग स्वतः बसल्या.

हे वीणानं दारातून पाहिलं. इशिता खिडकीत हुंदके देत होती, तिला डोळ्यांपुढचं काही दिसत नव्हतं. पण तिच्या कुशीतली धोंडी ताठ मानेनं पाहत होती, मोटार वळणावर नाहीशी होईपर्यंत.