शेंडा सुटलेल्या पामचं बी

चष्म्याच्या दुकानात फ्रेमचे बारीक स्क्रू बसवण्यात तिची बत्तीस वर्षं गेली होती. सगळे तिला आत्याच म्हणत. मालक म्हणे, गिऱ्हाइकं म्हणत, शेजारचा कुलूपवालासुद्धा म्हणे. खरी भाची एकच, तीही लांब राहायची. घरात आत्या आणि तिची वहिनी. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली होती. दोघींचं पटत नव्हतं असं नाही, पण एकमेकींना चिमटा काढल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे.

घरामागे चार पावलांत संपणारं अंगण होतं. तिथली हवा मवाळ. थंडी हाडांपर्यंत जायची नाही आणि ऊन पानं करपवायचं नाही. अशा हवेत आत्याने ठेंगणे पाम जमवले होते. पाम म्हटलं की लोकांची मान वर जाते. आत्याचे पाम बघायला खाली वाकावं लागे. अकरा कुंड्या होत्या. दहा कुठे ना कुठे पुन्हा मिळाले असते. अकरावा नाही. माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं त्याचं अखंड पान, आणि त्यावर पोलादासारखी निळसर झाक. ज्या म्हाताऱ्या रोपवाल्याकडून तिने ते बोटभर रोप घेतलं होतं, तो केव्हाच गेला. तो ज्या डोंगरातून बी आणायचा, तिथे आता दगडाची खाण होती.

एका सकाळी पानं पुसताना मधली, अजून न उलगडलेली सुरळी आत्याच्या हातात आली. तिने ओढली नव्हती, नुसती धरली होती. बुडाशी ती तपकिरी झालेली, आणि सडक्या बटाट्यासारखा वास. आत्या तिथेच ओल्या फरशीवर बसली.

"वन्सं, उठा. गार लागेल," वहिनी दारातून म्हणाली.

"वहिनी, हे मेलं."

"मेलं कसलं? हिरवंगार आहे की!"

"इतर झाडांची फांदी मोडली तर दुसरी फुटते. याला शेंडा एकच. तो गेला की संपलं. पानांना कळायला महिने लागतात, एवढंच."

 वहिनी आत गेली आणि बसायला पाट घेऊन आली.

खोडाच्या कडेला फुलांचा एक तुरा तेवढा उमलत होता. या जातीत नर झाड वेगळं, मादी वेगळी. आत्याचं नर. बावीस वर्षं ते एकटंच फुलत होतं आणि फुलं केरात जात होती. आत्याने तुरा कागदावर झटकला. चिमूटभर पिवळी पूड निघाली. चष्म्याच्या खोक्यांत येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांबरोबर ती डबीत घालून तिने फ्रीजमध्ये ठेवली. वहिनीने डबीवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'हे खायचं नाही'.

पूड किती दिवस जिवंत राहणार? कुणी म्हणे तीन आठवडे, कुणी म्हणे सहा. तेवढ्यात मादी शोधायची होती.

आत्याने रजा काढली आणि सात रोपवाटिका पालथ्या घातल्या. एकाने फोटो पाहून विचारलं, "हे प्लास्टिकचं आहे का हो?" दुसऱ्याने छातीठोकपणे मादी म्हणून एक रोप तिच्या गळ्यात मारलं. घरी भिंगाखाली पाहिलं, तर दुकानांच्या दारात ठेवतात तोच पाम. कोवळा म्हणून पानं चिरली नव्हती इतकंच. पाम जमवणाऱ्या लांबलांबच्या माणसांना तिने पत्रं लिहिली. तिघांची उत्तरं आली. तिघांकडेही नरच. तिसरं पत्र वाचून आत्याने जेवणाचं ताट सरकवलं, ते पुढे तीन-चार दिवस सरकवतच राहिली. रोज फ्रीज उघडून डबी बघायची आणि परत ठेवायची. पूड पिवळीच दिसे. आत जीव आहे की गेला, हे तिच्या भिंगालाही दिसत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात वहिनी कवळी बसवायला दाताच्या दवाखान्यात गेली आणि धापा टाकत परत आली. "वन्सं, तिथे कोपऱ्यात तुमच्या त्याच्यासारखं एक उभं आहे!"

आत्या तशीच निघाली. बाकामागे, धुळीने माखलेलं, मातीत कुणीतरी कापसाचा बोळा खोचलेला. पण पान तेच. आणि खोडातून निघालेल्या दांडीवर हिरवे, घट्ट मिटलेले मणी. मादी! 

खरं सांगायचा तिला धीर झाला नाही. परक्या झाडावर पूड टाकू द्या म्हटलं तर बाई खुळी आहे म्हणून हाकलतील. म्हणून तिने दात साफ करून घ्यायची वेळ घेतली. दहा दिवसांत तीन वेळा. दर वेळी चपलेचा पट्टा लावायच्या निमित्ताने वाकून मणी बघायची. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "आत्या, आणखी घासले तर दातच उरणार नाहीत."

त्या दिवशी वाकली तेव्हा मणी उघडायला लागले होते. आत्या डबी आणायला घरी धावली आणि संध्याकाळी परत आली, तर दारावर पाटी: दवाखाना दहा दिवस बंद. काउंटरवरच्या बाई कुलूप हातात घेऊन निघायच्या तयारीत होत्या.

"मला पाच मिनिटं आत बसू द्या," आत्या म्हणाली.

"डॉक्टर गेले. दुखत असेल तर दुसरीकडे जा."

"दुखत नाही."

"मग?"

 आत्या जिन्याच्या पायरीवर बसली आणि चारचौघांत, तोंडात पदरही न कोंबता, रडली. मग सगळं सांगितलं. सुरळी, खाण, तिन्ही पत्रं.

बाईंनी कुलूप पिशवीत टाकलं. "अहो, हे पहिल्याच दिवशी नाही का सांगायचं? फुकट दात खरवडून घेतलेत!" असं म्हणून त्यांनी दार उघडलं आणि दिवा लावला. "मी धरते दांडी. तुम्ही करा काय ते."

भिंगं पुसायच्या मऊ ब्रशाने आत्याने एकेका फुलाला पूड लावली. अर्धी पूड फरशीवर सांडली. पुढचे दहा दिवस बाई स्वतः येऊन पाणी घालून गेल्या.

चाळीस फुलांतली चारच धरली. फळं काळी व्हायला सात महिने लागले. तोवर अंगणातलं झाड वाळून उभं होतं. आत्या ते काढू देत नव्हती. चार बिया तिने चार कुंड्यांत लावल्या आणि वाट पाहिली. पाचव्या महिन्यात न राहवून तिने एक उकरली. आत नुसतं पाणी. आठवड्याने दुसरी उकरली. तीही कुजलेली. आत्या घरात येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. वहिनीने मुकाट्याने उरलेल्या दोन कुंड्या उचलून आपल्या खोलीत नेल्या.

"आता हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे!"

दहाव्या महिन्यात एका कुंडीतून नखाएवढं हिरवं टोक वर आलं. वहिनीने हाक मारली, तेव्हा आत्या आधी आलीच नाही. खोटी आशा लावते आहे असं तिला वाटलं. मग आली, भिंग लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"नर की मादी?" वहिनीने विचारलं.

"फुलल्यावर कळेल. पाच वर्षं, कदाचित सहा."

"तोवर आपण आहोत का?"

 खिडकीतून ऊन कुठपर्यंत येतं ते बघून आत्याने कुंडी वीतभर आत सरकवली.