सासऱ्यांच्या लॅपटॉपमधला कचरा मी काढला

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, असा आमच्या नात्यागोत्यात समज आहे. तो मीच पसरवलेला आहे.

मी साताऱ्यात एका कचेरीत कारकून आहे. नोकरीसाठी सर्टिफिकेट लागतं म्हणून तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला (त्यातला एक महिना सर आजारी होते). एवढ्या भांडवलावर सासुरवाडीत "आमचं जावईबापू म्हंजे कॉम्प्युटरचं डाक्टर हायत" असं बोललं जाऊ लागलं आणि मी मान खाली घालून लाजत राहिलो. नाकारलं मात्र कधीच नाही!

सासुरवाडी कवठे महांकाळजवळ. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो, बायको आबा म्हणते, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दोन वर्षं ते एकाच कामाच्या मागे होते. गावातून जेवढी म्हणून माणसं फौजेत गेली, त्या सगळ्यांचं एक पुस्तक. एकशे बारा जण. प्रत्येकाचा फोटो, पलटण आणि हकिकत. त्यातले काही परत आलेच नव्हते. त्यांच्या घरच्यांनी भिंतीवरची तसबीर उतरवून, पुसून, तिचा फोटो काढून मामांना पाठवला होता. मामा लॅपटॉपवर दोन बोटांनी टाइप करायचे आणि एकेक अक्षर चाप ओढल्यासारखं दाबायचे. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर प्रकाशन ठरलं होतं. छापखान्यात मजकूर द्यायला चार दिवस उरले होते.

आणि मामांचा फोन आला.

"जावईबापू, ल्यापटॉपनं रातीत आपलं आपन काय तरी नवं घालून घेतलं. आता म्हंतोय, जागा शिल्लक न्हाई."

"अपडेट झाला असेल मामा. जुन्या सिस्टीमच्या फायली मागे राहतात. त्या काढायच्या."

"मग सांगा की, कशा काढायच्या?"

"तुम्ही हात लावू नका!" मी गरजलो. "चुकून भलतंच काहीतरी जाईल. मी येतो."

हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने बोललो आहे.

रविवारी सकाळी मी एकटाच पोहोचलो. माझी बायको सुजाता शाळेच्या स्नेहसंमेलनात अडकली होती. सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, कांदेपोहे पुढे ठेवले. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. ऑपरेशनला बसलेल्या सर्जनसारखी बोटं मोडली.

"ह्ये जुनं काढलं तर चालतंय न्हवं?" मामांनी विचारलं.

"मामा, नवी पलटण ठाण्यावर आली की जुनीला तंबू कशाला ठेवायचा?"

मामांना हे लय पटलं. त्यांनी मामींना बोलावून ते वाक्य परत माझ्याकडून म्हणवून घेतलं.

साफसफाईचं पान उघडलं. समोर चौकोनांची इंग्रजी यादी आली. पहिलीच ओळ "आधीची सिस्टीम", वीस-बावीस जीबी! तेवढी एक खूण केली असती तर मी आजही डॉक्टर असतो. पण खाली आणखी आठ-दहा चौकोन रिकामे दिसत होते. तात्पुरत्या फायली, कचरापेटी, हे, ते. एवढ्या लांबून येऊन एकाच चौकोनावर थांबायचं? मी सगळ्यांवर टकाटक खुणा केल्या. कॉम्प्युटरने विचारलं, "हे परत आणता येणार नाही, नक्की ना?" असल्या सूचना वाचायच्या नसतात, 'हो' म्हणायचं असतं, हे कोर्समध्ये मी पक्कं शिकलो होतो. मी म्हटलं, हो.

पोहे संपेपर्यंत काम फत्ते!

"बघा! चाळीस जीबी मोकळे!"

"वा रं माझ्या पठ्ठ्या!" मामा 'तुमी'वरून थेट 'रं'वर आले. एवढं प्रेम त्यांनी लग्नातसुद्धा केलं नव्हतं. "आता थांब. पुस्तक दावतो तुला."

त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला. चष्मा लावला. एक क्लिक केलं, आणखी एक केलं. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"रिकामं हाय."

"काय रिकामं आहे?"

"समदंच."

मी वाकून पाहिलं. 'डाऊनलोड्स' नावाचा फोल्डर. आत पांढरं शुभ्र मैदान!

"मामा... पुस्तक कुठे ठेवलं होतं?"

"हितंच की. फोटू आलं की हितंच उतरत्यात. मग त्यांच्या शेजारीच पुस्तक ठिवलं. समदी एका बराकीत."

यादीतल्या शेवटच्या चौकोनावर काय लिहिलं होतं ते आता मला लख्ख आठवलं. डाऊनलोड्स! हा फोल्डर त्या कचऱ्याच्या यादीत काय करत होता, देव जाणे. मी कचरापेटी उघडली. तीही मीच रिकामी केली होती.

"पेनड्राइव्हवर ठेवलंय ना?"

"तुमीच म्हनला व्हता, ल्यापटॉप नवा हाय, कशाला पायजे?"

"आणि फोनमधले फोटो?"

"फोन भरला म्हून पुसलं. त्ये बी तुमीच सांगितलं व्हतं."

(मी माणसाला पूर्ण सेवा देतो.)

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "काय झालं वं? असं का बसलाय?"

जो माणूस बर्फात सहा महिने उभा राहिला असं मी ऐकत आलो होतो, तो खुर्चीच्या पाठीला धरून बसला होता. मामा हळूच म्हणाले, "शिंद्याच्या आक्काला काय सांगू? तिनं फोटू काडायला तसबीरच छातीशी धरून आनली व्हती."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घाबरलेला माणूस गप्प बसला तर कमी नुकसान करतो. मी गप्प बसलो नाही. गेलेल्या फायली परत आणणारं एक सॉफ्टवेअर मी त्याच लॅपटॉपवर उतरवलं. त्याने नऊ हजार फायली शोधल्या, सगळी बटणांची चित्रं! दुसरं टाकलं, त्याला समुद्रावरचा एक सूर्यास्त सापडला. तिसरं टाकल्यावर लॅपटॉप गरम झाला आणि पंख्यातून रडल्यासारखा आवाज येऊ लागला. सुजाताचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी म्हटलं, "छान चाललंय."

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप रुमालात गुंडाळून आम्ही सांगलीला गेलो. दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर एक मॅडम होत्या.

"डिलीट झाल्यावर काय केलंत?"

"विशेष काही नाही... तीन सॉफ्टवेअर टाकली."

"याच डिस्कवर?"

मी मान हलवली. डॉक्टर नाडी बघून हात खाली ठेवतो तसा त्यांनी लॅपटॉप खाली ठेवला.

"या डिस्कवरून पुसलेलं सहसा येत नाही. त्यात वरून तुम्ही नवीन भरलंत. अहो, फक्त आधीच्या सिस्टीमवर खूण करायची, डाऊनलोड्सवरची काढायची. आणि त्याआधी कॉपी घ्यायची!" मग मामांकडे वळून म्हणाल्या, "काका, हे कुणाला पाठवलं होतं का?"

"पाठवलं व्हतं की. दर ऐतवारी एक परकरण, घरच्या ग्रुपावर. पन म्या त्यो ग्रुप बी साफ केला."

"तुम्ही साफ केला तर तुमच्याच फोनमधून जातं. बाकीच्यांकडे असणार."

मामा ताडकन उभे राहिले. "मग जावईबापूंकडं हाय! तेंनी तर दर खेपंला 'अप्रतिम' म्हून लिवलंय! फोन काडा!"

मी फोन खिशात आणखी खोल सरकवला.

"चार्जिंग नाही," मी म्हणालो. फोन नेमका तेव्हाच वाजला. सुजाता! मी तो कट केला. मॅडमनी हात पुढे केला, मी फोन दिला. त्यांनी ग्रुप उघडला आणि वर वर सरकत गेल्या. एक प्रकरण, खाली माझं 'अप्रतिम'. दुसरं प्रकरण, 'अप्रतिम'. एका ठिकाणी 'डोळे पाणावले'.

"यातलं एकही उघडलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "आता उतरतही नाहीत, फार जुनी झालीत."

मामा माझ्याकडे बघत राहिले. पुस्तक गेलं तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"म्हंजी... तुमी एक बी वाचलं न्हाई?"

"मामा, मी... सावकाश, एकदम..."

"डोळं कशानं पानावलं मग?"

सुजाताला फोन लावून खरं सांगावं लागलं. मग ती म्हणाली, "माझ्याकडे सगळी प्रकरणं आहेत. मी वाचते! आबांना फोन दे. तुझ्याशी मी घरी बोलते." (ती बोलली. तो वेगळा विषय आहे.)

मजकूर मिळाला, फोटो उरले. मामांनी देवळातल्या भोंग्यावरून गावाला सांगितलं, "समद्यांनी आपापलं फोटू फिरून पाठवा! आमच्या जावयानं ल्यापटॉप साफ केलाय!" संध्याकाळपर्यंत फोटो येत राहिले. काही लोक फोटो पाठवून वर घरीही आले, जावई कसा दिसतो ते बघायला. शिंद्यांची आक्का तसबीर घेऊन पुन्हा आली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या. त्या निमतानं तसबीर पुना पुसून झाली." त्या वेळी मात्र डोळे खरोखरच पाणावले.

शिक्षा म्हणून छापखान्यात जाण्यापूर्वी सबंध पुस्तक मी मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते समोर काठी घेऊन बसले होते. पुस्तक खरंच अप्रतिम आहे.

प्रकाशनाला मैदान भरलं होतं. मामा व्यासपीठावरून म्हणाले, "शिमेवर दुश्मनाला जमलं न्हाई, त्ये आमच्या जावयानं पोहं खात केलं. सबंध पलटण एका बोटानं आडवी!" गाव हसून हसून लोळलं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो. दुसरं काय करणार?

कार्यक्रम उरकल्यावर गावातले सर्वांत जुने फौजी, तात्या, माझ्याजवळ आले. त्यांनी खिशातून फोन काढला.

"जावईबापू, ह्यात बी जागा न्हाई म्हंतंय. जरा बगता का?"

मामा मागून धावत आले. "तात्या, फोन खिशात घाला! आदी खिशात घाला!"

तात्यांनी घाईघाईने फोन आत घातला. पण खरं सांगतो, माझा हात पुढे गेलाच होता.